‘परागंदा’ : पुनावळ्याच्या दप्तरात एका घराचा शोध

माझ्या पणजोबांविषयी सरकारी दप्तरात मला जो पहिला शेरा सापडला तो एका शब्दाचा आहे : ‘परागंदा’. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पुनावळे गावचा एक जुना फेरफार आहे. महारकीच्या वतनाच्या हिस्सेदारांची नावे देताना त्यांच्या नावापुढे हा शब्द लिहिला आहे आणि त्यांची पाळी चुलतभावाच्या नावावर चढवली आहे. आमच्या घरात मात्र याच माणसाची गोष्ट वेगळी सांगितली जाते. येसकराची काठी चावडीपुढे खाली ठेवून खडकीच्या दारूगोळा कारखान्याची वाट धरणारा वस्तीतला पहिला माणूस, अशी ती गोष्ट. आमच्या घरातली पहिली रोख मजुरी त्यांची. मुलाला शाळेत घालणारेही तेच पहिले. घराने ज्याला वाट दाखवणारा मानले त्याला दप्तराने गाव सोडून पळालेला ठरवले.

या दोन गोष्टींपैकी खरी कोणती, हा प्रश्न घेऊन मी गेली काही वर्षे जुने कागद पाहत आहे. मी इतिहासाचा पदवीधर नाही. निवृत्त शिक्षक आहे. परंतु या शोधात जे हाती आले ते माझ्या एका घरापुरते नाही, अशी माझी खात्री झाली आहे. म्हणून कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना उपयोगी पडेल अशा रीतीने ते येथे मांडतो.

वंशावळ आम्हाला कशाला?

हा प्रश्न प्रथम आमच्याच एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारला. “सर, वंशावळी त्यांच्या. आपण १९५६ साली जुने सगळे टाकून दिले. आता पुन्हा खापरपणजोबा कशाला शोधायचे?” प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात वरच्या जातींच्या घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापून घेतले आहेत. तीर्थक्षेत्रांच्या उपाध्यायांच्या वह्यांत त्यांच्या पिढ्यान् पिढ्यांची नावे आहेत. त्या लेखनाचा हेतू कुळाचे थोरपण सांगणे हा असतो. त्याची नक्कल करण्यासाठी आपण दप्तर उघडणार असू, तर न उघडलेले बरे.

परंतु आपला हेतू वेगळा आहे. आपले पूर्वज कोण होते हे आजवर इतरांनी सांगितले. गावाने सांगितले, पुराणाने सांगितले, तलाठ्याने सांगितले. त्यांनी काय लिहिले हे आपण वाचले नाही, तर तेच अखेरचे म्हणणे ठरते. दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. अनुसूचित जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी महाराष्ट्रात १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. त्यासाठी आपले हजारो विद्यार्थी दरवर्षी दप्तरापर्यंत जातात, ‘जात’ या रकान्याची नक्कल घेतात आणि परत येतात. त्याच पानावर पणजोबाचे नाव, गाव, कधी वय, कधी धंदा लिहिलेला असतो. तो कोणी वाचत नाही. एका शब्दासाठी आपण दारापर्यंत जातो आणि आत न शिरता माघारी फिरतो.

अशा एका पानाचे मोल काय असते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण साताऱ्याचे आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. रजिस्टरातील क्रमांक १९१४. महाराष्ट्र शासन २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. या नोंदीकडे संशोधकाच्या नजरेने पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. घराण्याचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी आणि वडील रामजी हे दोघेही लष्करात. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आणि शाळेच्या रजिस्टरात आंबेडकर. ‘आंबेडकर’ एवढेच नाव धरून जो मागे जाईल तो शाळेच्या दारापाशीच अडेल. तिथून पुढे ‘सकपाळ’ हे नाव हाती धरावे लागते. आपल्या बहुतेक घरांत हेच घडले आहे. शाळा, पलटण, कारखाना आणि गाव, प्रत्येकाने आपल्याला वेगळे नाव दिले.

दप्तराची भाषा

जुने कागद वाचताना पहिली अडचण लिपीची येते. गावकामगारांचे दप्तर विसाव्या शतकातही बरीच वर्षे मोडीत लिहिले जात होते. मोडी शिकण्यास काही महिने पुरतात. मी साठीनंतर शिकलो; तरुणांना काहीच अवघड नाही. आपल्या वस्तीत दोघेतिघे तरी मोडी वाचणारे असलेच पाहिजेत, नाहीतर आपल्याच आजोबांचे नाव वाचून घेण्यासाठी दुसऱ्याला पैसे मोजावे लागतात.

दुसरी अडचण शब्दांची. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमुकाचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आले की पुढचे नाव नवऱ्याचे. ‘बेवा’ म्हणजे विधवा. ‘मयत’ म्हणजे मृत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ज्याच्या नावामागे हे लिहिले तो तेव्हा लहान होता, म्हणजे बाप अकाली गेला होता असा तर्क करता येतो. ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता; अशा ठिकाणी एका नावाआड सगळे भाऊ लपलेले असतात. ‘पैकी’ आणि ‘हिस्सा’ हे शब्द दिसले की जमिनीची वाटणी झाली आहे हे समजावे आणि ती कोणत्या फेरफाराने झाली याचा आकडा शोधावा.

तिसरी गोष्ट नावांची. रामनाक, धर्मनाक, सोननाक अशी ‘नाक’ लागलेली नावे ही महारांच्या जुन्या नोंदींची खूण आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या यादीत अशा नावांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. तो दगड आपल्याला अभिमानाचा आहे. तथापि वंशावळ शोधणाऱ्याला तो एक मर्यादाही दाखवतो. त्यावर शिपायाचे गाव नाही. गाव नसेल तर एक रामनाक दुसऱ्या रामनाकापासून वेगळा कसा करणार? म्हणून केवळ नाव जुळले यावरून ‘आमचा पूर्वज कोरेगावला लढला’ असे लिहिण्याचा मोह आवरला पाहिजे. मी स्वतःसाठी एक नियम ठरवला : नाव, बापाचे नाव आणि गाव या तीन गोष्टी दोन वेगळ्या कागदांत जुळल्याशिवाय नाते लिहायचे नाही.

कोणते कागद, कोणत्या क्रमाने

शोध घरापासून सुरू करावा. घरातील सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरून घ्यावे. पुरुषांना जमीन आणि भांडणे आठवतात, बायकांना जन्म, मरण आणि सोयरीक आठवते. वंशावळीला दुसरे अधिक लागते.

नंतर शाळा. जनरल रजिस्टरात नाव, जात, जन्मगाव आणि जन्मतारीख असते. जन्मतारखेवर फार विसंबू नये. आपल्यापैकी कितीतरी जण १ जूनला जन्मले आहेत, कारण गुरुजींनी अंदाजाने वय धरून शाळेच्या हिशेबाला सोयीची तारीख टाकली. पण जन्मगावाचा रकाना फार महत्त्वाचा. घर शहरात गेले तरी तो रकाना मागचे गाव सांगतो.

त्यानंतर गावाचे दप्तर. सातबाऱ्यापासून आरंभ करून मागे जायचे. सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेले आकडे हे फेरफारांचे क्रमांक असतात. एकेक क्रमांक धरून गाव नमुना ६, म्हणजे फेरफाराची नोंदवही, पाहत जावे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ साली झाला, त्यामुळे साधारणपणे ही साखळी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जाते. सोबत वारसांची नोंदवही, म्हणजे नमुना ६-क, पाहावी. कोण मेला आणि मागे कोण राहिले हे तिच्यात असते. इनाम आणि वतनाच्या जमिनींसाठी नमुना ३ आहे. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. गावातील जन्म आणि मृत्यू त्यात लिहिले जात. आता पुष्कळ तालुक्यांतील जुने कागद स्कॅन करून संगणकावर ठेवले आहेत. परंतु अनुक्रमणिका जमिनीच्या नंबराप्रमाणे असते, माणसांच्या नावाप्रमाणे नसते. म्हणून आधी जमिनीचा नंबर, मग माणूस, हाच क्रम ठेवावा लागतो.

त्याही मागे जायचे तर पुण्याचे पुराभिलेखागार आहे, ज्याला लोक पेशवे दप्तर म्हणतात. तेथे मोडी कागदांचे रुमाल आहेत. गावचे बलुतेदार, त्यांचे हक्क आणि त्यावरून झालेले तंटे त्यांत सापडतात. पण आपल्या माणसाचे नाव तिथे येते ते बहुधा तंट्याच्या निमित्ताने.

आपली नोंद का झाली?

येथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याचे नाव गावच्या दप्तरात आले कसे? ते आले कामामुळे. चावडीचा झाडलोटा, सरकारी वसूल पोचवणे, निरोप नेणे, शिवेची राखण, मेलेले जनावर ओढणे आणि आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, ही कामे रात्रंदिवस करावयाची. मोबदला म्हणून हाडकी-हाडोळ्याचा तुकडा आणि रयतेकडून बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने ही व्यवस्था इंग्रजी अंमलात पक्की केली. जमीन थोडी आणि हिस्सेदार वाढत जाणारे. पाळी एकाची असली तरी राबायचे सगळ्या घराने. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच कारणासाठी. १९३९ साली हरेगावला महार, मांग आणि वेठिया यांची परिषद भरली तीही याच वतनाच्या प्रश्नावर. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात महार वतन १९१८ सालीच मोडले होते. इलाख्यात ते व्हायला आणखी चाळीस वर्षे लागली.

म्हणजे आपली नोंद झाली ती राबणाऱ्याची हजेरी म्हणून. हजेरी नसेल तर शेरा पडणार. ‘परागंदा’ या शब्दाचे मूळ येथे आहे. तो पाळी चुकवणाऱ्याविरुद्ध लिहिलेला गैरहजेरीचा शेरा आहे.

आपल्या पहिल्या पिढीच्या पुढाऱ्यांनी या हजेरीपटाला उत्तर म्हणून आपले स्वतःचे कागद तयार केले, हेही विसरता कामा नये. पलटणीतून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढले आणि १९१० साली आपल्या लोकांच्या वतीने थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. वंशावळ शोधणाऱ्याने हे अर्ज आणि ही नियतकालिके दप्तराइतकीच महत्त्वाची मानावीत, कारण तेथे माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो.

दोन कागदांची गाठ

आता पुन्हा पुनावळ्याकडे येतो. आजचे पुनावळे पाहणाऱ्याला यातले काही खरे वाटणार नाही. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. कात्रज-देहूरोड बाह्यवळण रस्ता गावाजवळून गेला, शेजारच्या हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या आणि पवनेच्या काठच्या शेतांत उंच इमारती उभ्या राहिल्या. परंतु जमिनीचे दप्तर जुन्या मुळशी तालुक्याचे, आणि मुळशीचे ठाणे पौडला. इमारतींना नावे नवी, त्यांच्याखालच्या जमिनीला नंबर तेच जुने.

पहिला फेरफार मला मिळाला तेव्हा मी खरोखर हिरमुसलो. घरातली गोष्ट खोटी आणि दप्तर खरे, असेच मला वाटले. शिक्षकाचे मन कागदावर चटकन विश्वास ठेवते. एका कचेरीतल्या कारकुनाने तर मला ऐकवलेही, “गाव सोडून गेलेल्या माणसाचं इथं काय शोधता?” मी कागद घेऊन परत आलो आणि काही महिने तो विषय बंद ठेवला.

नंतर केवळ नियम म्हणून, दुसरा कागद पाहिल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही म्हणून, मी कोतवाल बुकाची पाने पाहू लागलो. १९१८ च्या शेवटच्या महिन्यांची पाने अंगावर येतात. त्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने मुंबई इलाखा झोडपून काढला होता. त्या काळी बहुतेक मृत्यू ‘ताप’ याच सदराखाली लिहिले जात. एकामागून एक ताप, ताप, ताप. त्या ओळींत एक ओळ होती : मुलगी, वय अकरा महिने, ताप. बापाच्या रकान्यात माझ्या पणजोबांचे नाव, त्यांच्या बापाचे नाव आणि जात. मुलीचे नाव लिहिलेले नाही.

या मुलीविषयी आमच्या घरात कोणाला काही माहीत नव्हते. तिच्यामागे तिची आठवण सांगणारे कोणी उरले नव्हते. मला ती सापडली ती शंभर वर्षांनी, आणि तीही नावाशिवाय.

परंतु या एका ओळीने ‘परागंदा’ या शब्दाची साक्ष मोडली. फेरफाराची नोंद याच्या आगेमागे वर्ष-दीड वर्षाची. एका वहीत हा माणूस गावातून नाहीसा झालेला. दुसऱ्या वहीत त्याचे तान्हे मूल त्याच गावात मरते आणि गाव ते त्याच्याच नावाने लिहितो. म्हणजे चूल गावातच होती. घर मोडले नव्हते.

मग ते स्वतः कोठे होते? हे माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्याने सांगितले. दाखला खडकीच्या शाळेचा, जन्मगाव पुनावळे, बापाचे नाव तेच, मात्र ‘नाक’ गळालेले, आणि त्यापुढे प्रथमच ते आडनाव, जे आज मी लावतो. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पुण्याच्या आसपासच्या आपल्या लोकांना वतनाबाहेरची रोख मजुरी पलटणीनंतर जर कोठे मिळाली असेल तर अशा लष्करी कारखान्यांत आणि डेपोंत. पलटणीत महारांची भरती १८९०च्या दशकात बंद पडली होती, म्हणून तर कारखान्याचे दार अधिकच मोलाचे. पुनावळ्याहून खडकी पायी तीन-चार तासांच्या चालीवर. सरकारच्या एका खात्याने ज्याला पळालेला लिहिले तो सरकारच्याच दुसऱ्या खात्यात, एका सकाळच्या अंतरावर, रोजाने काम करत होता. त्यांनी सोडली होती ती फक्त वेठ.

काठी कोणी उचलली?

येथवर आल्यावर मला समाधान वाटायला हवे होते. घराची गोष्ट खरी ठरली होती. पण एक प्रश्न मनातून जाईना. त्यांनी काठी खाली ठेवली. चूल तर गावात होती. वस्तीत राहायचे आणि पाळी करायची नाही, हे त्या काळच्या गावाने चालू दिले असेल काय?

माझी एक आत्या हयात आहे. वय नव्वदीच्या घरात. मी तिला विचारले. ती म्हणाली, “आरं, तुझा पणजा गेला खडकीला. म्हातारी इथंच व्हती न्हवं? चावडी कोन झाडायचं? लाकडं कोन टाकायचं पाटलाच्या वाड्यावर? तीच. काठी बी तीच घेऊन जायची. मी ल्हान असताना तिनंच सांगितलंय मला. आन् तू कागदात हुडकतोस व्हय?”

मी ते पुन्हा पुन्हा ऐकले. आमच्या घरात पणजोबांची काठी खाली ठेवण्याची गोष्ट तीन पिढ्या सांगितली गेली. पणजीने ती काठी उचलल्याची गोष्ट फक्त बायका बायकांत सांगितली गेली आणि आम्ही पुरुषांनी ती कधी विचारली नाही. ज्या माणसाला आम्ही पहिला म्हणतो त्याचे पहिलेपण दुसऱ्या कोणाच्या तरी राबण्यावर उभे होते. तिने गावात पाळी काढली म्हणून घर वस्तीत टिकले. घर टिकले म्हणून त्यांना खडकीत पाय रोवता आला, आणि मुलगा शाळेत गेला.

दप्तरात ती का नाही, याचे कारण केवळ तलाठ्याची नजर नाही, कायदाही आहे. १८८६ च्या मुंबई कायदा क्रमांक ५ ने वतनदार घराण्यातील स्त्री, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, वारसाच्या क्रमात पुरुषांच्या मागे टाकली. वतनाचे काम बाईने केले तरी वतन पुरुषाचे. म्हणून फेरफारात पाळी चुलतभावाच्या नावावर गेली, आणि काम मात्र पणजीच्या हातात राहिले. माझ्याकडे त्या चुलतभावाविषयी कडवटपणा नाही. तोही त्याच हजेरीपटावरचा माणूस होता.

हा दोष एका घराचा नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिणारी, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता ही आपली आद्य लेखिका. तिचा निबंध आपण अभिमानाने सांगतो. तिच्या पुढच्या आयुष्याचा माग मात्र कागदात लागत नाही. वलंगकर, कांबळे यांच्या घरांतील बायकांची नावे आपल्यापैकी किती कार्यकर्त्यांना सांगता येतील? प्रस्थापितांच्या दप्तराने आपल्याला गाळले ही तक्रार करताना आपण आपल्या आठवणीतून कोणाला गाळले, याचाही हिशेब झाला पाहिजे.

एका शब्दाचे परिणाम

कोणी म्हणेल, शंभर वर्षांपूर्वीच्या शेऱ्याने आज काय बिघडते? पुष्कळ बिघडते. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला आणि १९५९ पासून अमलात आला. वतनाच्या जमिनी सरकारजमा होऊन, ठरावीक रक्कम भरल्यावर, वतनदारांना परत द्यावयाच्या होत्या. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विकता न येणाऱ्या, नव्या शर्तीच्या. परत देताना पाहिले गेले ते कागदावरचे नाव. आमच्या शाखेपुढे ‘परागंदा’ होते. जमीन चुलत शाखेच्या नावावर झाली.

तेव्हा त्या तुकड्याला किंमत नव्हती. माझे वडील खडकीत वाढले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली तेव्हा ते त्या गर्दीत होते, आणि जमिनीपेक्षा त्यांना त्या दिवसाचे मोल अधिक होते. पुढे औद्योगिक पट्टा पसरला. चुलत शाखेनेही अडचणीच्या काळात, कुलमुखत्यारपत्रावर सह्या करून, बराच भाग घालवला. आज त्यावर इमारत आहे. या पट्ट्यात वतनाच्या जमिनीची हीच कहाणी घरोघरी ऐकू येते : नाव एकाचे, अंगठा दुसऱ्याचा, पैसा तिसऱ्याचा.

ज्यांचा वाद अजून जिवंत आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. वतन नष्ट झाल्यावर परत मिळालेली जमीन ही एकत्र कुटुंबाच्या वतनाची असेल तर ज्याच्या नावावर ती झाली त्या एकट्याची होत नाही, कुटुंबातील इतरांचाही तिच्यात हक्क राहतो, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली नागेश बिस्टो देसाई यांच्या खटल्यात मांडले. तो खटला दुसऱ्या प्रकारच्या वतनाचा होता, म्हणून आपल्या प्रकरणात ते कितपत लागू होते हे वकिलाकडून तपासून घ्यावे. दुसरे, मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. हा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र करताना बहिणींची आणि आत्यांची नावे गाळण्याची जी सवय आपल्या घरांत आहे, ती १८८६ च्या कायद्याची सवय आहे. तो आपण आपल्या हाताने पाळतो आहोत.

मी दावा लावलेला नाही. चुलत शाखेतल्या एका नातवाला मी सगळे कागद दाखवले. प्रथम तो सावध होता. जमीन मागायला आलो असे त्याला वाटले. कोतवाल बुकातली ती ओळ वाचल्यावर तो गप्प झाला. दुसऱ्या आठवड्यात तो आपल्या घरातली ट्रंक घेऊन आला. तिच्यात जमीन परत दिल्याच्या हुकमाची प्रत होती, आणि त्याच्या आजीच्या माहेरचे नाव असलेला एक जुना कागदही.

आम्ही दोघांनी मिळून नवी वंशावळ लिहिली. सरकारी वंशावळीत पाच पिढ्यांत सतरा नावे होती, सगळी पुरुषांची. आमच्या कागदावर आता एकतीस आहेत. पणजीच्या नावापुढे आम्ही लिहिले : ‘येसकरकीची पाळी हिने काढली. आधार : नातीची सांगी.’ पणजोबांच्या नावापुढे दप्तरातला शब्द तसाच ठेवला आहे, आणि शेजारी दुसऱ्या कागदाचा आधार दिला आहे. अकरा महिन्यांच्या मुलीची जागा रिकामी आहे. तिथे नाव घालावे असे मुलांनी सुचवले. आम्ही ते केले नाही. दप्तराने जे लिहिले नाही ते आपण मनाने लिहू लागलो, तर आपल्या कागदावर कोण विश्वास ठेवील?

या कागदाच्या तीन प्रती केल्या. एक दोन्ही घरांत मिळून, एक विहारात, एक शाळेच्या ग्रंथालयात. ज्यांच्या घरात अजून एखादी आत्या बोलती आहे त्यांनी कचेरीत जाण्यापूर्वी तिच्याकडे जावे. फेरफार आणखी पन्नास वर्षे जागेवर राहील.